त्रेसष्ट रुपयांची पारख

“ते सगळं खरं हो बुवा, पण यांची किंमत किती होईल?”

द्वारका कासारणीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बुवांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा, “जेवून आलीस का?” म्हणाले. आता तर काहीच बोलेनात. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले.

दोघांच्या मधे एक पितळी गडू होता. तोंडाला फडकं बांधलेला.

“बुवा, मी काय विचारतेय?”

“ऐकतोय.”

“मग सांगा की.”

“शेंगा खा.”

द्वारकेने शेंगा घेतल्या नाहीत. मांडी घातली होती ती आणखी घट्ट करून बसली. उत्तर घेतल्याशिवाय उठणारी बाई नव्हती ती. लग्न होऊन वर्षाच्या आत माघारी आली, तेव्हा आठ दिवस रडली म्हणतात. नवव्या दिवशी बापाची बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि बाजारात जाऊन बसली. त्याला आता तीस वर्षं झाली.

बाप गेल्या साली गेला. लिंबाजी कासार. गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यामागे परवा माळ्यावरची अडगळ काढताना हा गडू सापडला. आत जुने रुपये. राणीच्या, राजाच्या मुंडक्याचे. मोजून त्रेसष्ट.

भिंतीला कान असतात म्हणतात. द्वारकेच्या घराची तर भिंतच अर्धी, वरचा भाग पावसात गेलेला. तेव्हा गडू खाली उतरायच्या आत ही गोष्ट आळीत उतरली. कुणी म्हणालं, एकरभर रान येईल. कुणी म्हणालं, गडूवर नाग बसलेला असतो, जपून. एकीने तर, आता ही लग्न करते की काय, इथपर्यंत मजल मारली.

द्वारकेला रान नको होतं आणि नवरा तर नकोच होता. तिला हवा होता बाजाराच्या तोंडाशी बांधलेला गाळा. वर पत्रा, खाली फरशी, मागे फळी. तीस वर्षं उन्हात बसून तिच्या मानेचा रंग विटेसारखा झाला होता. लिलावात तिला सुटलेल्या गाळ्याची अनामत उद्या, गुरुवारी, दुपारपर्यंत भरायची होती. उद्या चुकलं की गाळा दुसऱ्याचा.

आणि गडूची बातमी ऐकून जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आपण होऊन दारात आला होता. एक रुपया उचलला, उलटा केला, परत टाकला. म्हणाला, “बाई, गडूसकट घेतो. वाजवून बघायचं काय त्यात? उद्या बाजारात रोख देतो.” आकडा असा सांगितला, की अनामत भरून वर पेटीभर माल यावा.

दुसरी असती तर तिथल्या तिथे देऊन मोकळी झाली असती. द्वारकेने गडूचं फडकं परत बांधलं. हा बाबा न वाजवता एवढे देतो, म्हणजे माल दुपटीचा असणार. तिला आजवर कुणी फसवलं नव्हतं, आणि पन्नाशीला आल्यावर फसायची तिची इच्छा नव्हती.

म्हणून ती ओढा ओलांडून मठात आली होती. कीर्तन ऐकायला नव्हे, की पाया पडायला नव्हे.

बुवा काही जन्माचे बुवा नव्हते. चाळिशीपर्यंत तालुक्याच्या सराफकट्ट्यावर रुपये पारखायचे. व्यापाऱ्यांचे रुपये पोत्याने यायचे. हे एकेक दगडावर टाकायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, खरा की खोटा. मग एक दिवस उठले ते मठात येऊन बसले. का, ते कधी सांगितलं नाही. आळीतल्या बायकांनी आडून आडून विचारून पाहिलं, सरळही विचारून पाहिलं. छे. लोक त्यांना पारखीबुवाच म्हणत राहिले. आता डोळे गेले होते. कान मात्र मांजरासारखे.

“मला फिरवू नका बुवा,” द्वारका म्हणाली. “ती गोष्ट मला पाठ आहे. हिरा घेऊन आधी भाजीवालीकडे जा, मग वाण्याकडे जा, मग जवाहिऱ्याकडे जा. मला तेवढा वेळ नाही. उद्या गुरुवार.”

“बरं झालं. माझं तेवढं बोलणं वाचलं.”

“मग हात घाला गडूत.”

“माझ्या हातांना काही कळत नाही. तू वाजव.”

“मी?”

“रुपये कुणाचे?”

“माझे.”

“मग.”

द्वारकेने फडकं सोडलं. पायरीच्या काळ्या दगडावर पहिला रुपया टाकला.

बद्द.

भिजलेल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. बुवांनी एक शेंग फोडली.

“दुसरा,” म्हणाले.

दुसराही तसाच. तिसराही.

“तुमचा दगड बरा नाही,” द्वारका म्हणाली.

बुवांनी कमरेची पुरचुंडी सोडली. आत एकच रुपया होता, झिजून गुळगुळीत झालेला. पारखी लोक ताडून बघायला असा एक खरा रुपया जवळ ठेवतात. त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला.

द्वारकेने टाकला. ठण्णकन वाजला तो, आणि वाजतच राहिला. खांबावरची चिमणी उडाली. आवाज विरला तरी कानात काहीतरी थरथरत होतं.

तिने रुपया परत दिला. मग गडूत हात घालून चौथा काढला.

बद्द.

पाचवा. बद्द.

सहावा तिने जोरात आपटला. तरी बद्दच.

द्वारका आता भराभर टाकू लागली. टाकायचा, ऐकायचा, बाजूला सारायचा. बुवा मान हलवत नव्हते, हूं की चूं करत नव्हते. तिला सांगायची गरजही नव्हती. काल चिंचेने घासल्यावर दोनचार रुपये पिवळसर दिसले होते, तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती, की जुनी चांदी अशीच असेल.

तीस झाले. तीसच्या तीस खोटे. आत पितळ, शिसं नाहीतर कथील, आणि वरून मुलामा.

तिने हात थांबवला.

“फसला,” ती म्हणाली. “जन्मभर फसला म्हातारा. आणि फसलेलं सांभाळून ठेवलं, काय तर म्हणे गडूत.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक पैसा वाजवून घेतला. नोट आली तर उजेडात धरली. अप्पा रागवायचे. म्हणायचे, द्वारके, आपल्यात तसं करत नाहीत. ज्या हातात आपण चुडा भरला, त्या हातातला पैसा कासाराने वाजवून बघायचा नाही. मी म्हटलं, तुमची रीत तुम्हाला लखलाभ.”

“म्हणजे त्याला खऱ्याखोट्यातलं कळत नव्हतं?”

“न कळायला काय झालं? नुसतं मनगट धरलं, की कुठल्या मापाची बांगडी चढेल ते सांगायचे. रुपयावर अंगठा फिरला की…”

द्वारका बोलता बोलता थांबली.

“…फिरला की?”

“कळायचं त्यांना.”

“मग घेतला कशाला?”

“ते मी काय सांगू? तुम्ही सांगा. तुम्ही बुवा.”

“मी नव्हतो तिथे.”

ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं. द्वारका त्या आवाजाकडे बघत राहिली.

“एक नवी नवरी आली होती,” ती सावकाश म्हणाली. “मी आठदहा वर्षांची असेन. अप्पांच्या शेजारी बसले होते. पोरीचं मनगट काडीसारखं. पाठीशी सासू उभी. सासू अशी, की बांगड्या मोजत होती, एक कमी पडली तर कासाराचा गळा धरील. भरून झाल्या. पोरीने पदराची गाठ सोडली आणि रुपया दिला. नवऱ्याने दिला असेल तिला, मोठ्या कौतुकाने.”

“मग?”

“अप्पांनी घेतला. अंगठा फिरवला. जरा… थांबले. सासूकडे बघितलं. मग म्हणाले, सुखी राहा, बाळ. आणि उरलेले पैसे मोजून परत दिले.”

“परत दिले?”

“दिले. बांगड्या गेल्या आणि वरची मोडही गेली. रुपया त्यांनी थैलीत टाकला नाही. बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मला वाटलं, माझ्यासाठी शेव घेणार. घरी आईने तेलाचं विचारलं, तर म्हणाले, आज धंदा झाला नाही.”

बुवांनी शेंगांची टरफलं गोळा केली.

“मग दुसऱ्या दिवशी वाण्याकडे द्यायचा की,” ते म्हणाले. “वाणी कुठे नवी नवरी होता?”

द्वारकेने बाजूचा एक रुपया उचलून पालथा केला.

“नाहीतर ओढ्यात टाकायचा.”

“ओढा उन्हाळ्यात आटतो,” ती म्हणाली. “पोरं वाळूत खेळतात. एखाद्याला सापडला, की तो पळत आईकडे नेणार. आई हरखून दुकानात जाणार. आणि दुकानदार चार लोकांत तिला…”



बुवांनी टरफलं बाहेर फेकली. परत येऊन बसले.

“तुला कधी आला का गं खोटा पैसा?”

“मला? मी वाजवून घेते म्हटलं ना.”

“तीस वर्षांत एकही नाही?”

“…एक नोट आली होती. पाचाची. मधोमध फाटलेली, भाताने चिकटवलेली. लग्नसराईची गर्दी होती, लक्ष गेलं नाही.”

“काय केलंस?”

“काय करायचं असतं? चार घड्या घातल्या आणि संध्याकाळी अंधार पडताना पेरूवालीला दिली. सगळेच करतात.”

“करतात.”

“कुणी ठेवून घेतं का घरात?”

“छे.”

बुवांनी दोन्ही वेळा अगदी मनापासून होकार भरला. द्वारकेला ते आवडलं नाही. त्यांनी बोल लावले असते तर तिला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

तिने पदराने मान पुसली.

“बुवा, तो व्यापारी उद्या येतोय. आता कळलं, तो वाजवायला का तयार नव्हता. हातात घेतल्याबरोबर ओळखलं असेल त्याने. लेण्यांपाशी नाहीतर जत्रेत उभा राहील आणि जुनी चांदी म्हणून एकेक विकेल. गावोगावची भोळी माणसं घेतील.”

“घेतील.”

“पण मी त्याला फसवत नाही. त्याला ठाऊक आहे.”

“बरोबर.”

“मी कुणालाच फसवत नाही. पुढे तो काय करतो, ते त्याचं पाप.”

“बरोबर.”

“आणि माझा गाळा होतो. मी काही सोन्याची नथ मागत नाहीये. डोक्यावर पत्रा मागतेय.”

“रास्त आहे.”

“मग देऊ?”

“दे.”

द्वारका बघतच राहिली.

“देऊ म्हणता?”

“दे की. तुझे आहेत.”

ती उठली. वाजवलेले तीस रुपये ओंजळीत भरले आणि गडूत ओतले. आवाज असा झाला, जसे खडे पडावेत. फडकं टाकलं, सुतळीचा एक वेढा दिला, दुसरा दिला. गडू कडेवर घेतला. पायरी उतरली. मठापुढच्या चिंचेपर्यंत गेली.

बुवांना पावलं ऐकू येत होती. ती चिंचेपाशी थांबली.

बराच वेळ पाऊल वाजलं नाही…

मग ती परत आली. गडू दाणकन पायरीवर ठेवला.

“चाळीस वर्षं,” ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेला होता, बापावर की बुवांवर, ते तिलाच ठाऊक. “चाळीस वर्षं त्या माणसाने एकेक करून अडवला. घरी तेल नव्हतं तेव्हा अडवला. आईची बोलणी खाल्ली. आणि मी एका दुपारात त्रेसष्टच्या त्रेसष्ट सोडू होय? नाही देणार. त्या व्यापाऱ्याला सांगते, चालता हो.”

“आणि गाळा?”

“पुढच्या लिलावाला बघीन. तीस वर्षं उन्हात बसले, आणखी दोन बसेन. ऊन मला खात नाही.”

“बघ बाई. मी दे म्हणालो होतो.”

“तुम्ही म्हणाल हो. तुम्हाला काय, आयत्या शेंगा.”

बुवा हसले. दात नव्हते, तरी छान हसले.

द्वारका बसली. आता तिने समोरच्या शेंगा ओढल्या आणि भुकेल्या माणसासारख्या खायला लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

“उरलेले?” बुवा म्हणाले.

“उरलेले काय?”

“तेहतीस राहिलेत.”

“कळलं की सगळं. आता कशाला कान किटवता?”

“पारख अर्धी ठेवत नाहीत.”

“सगळे तसलेच असणार.”

“वाजव.”

खरं तर तिला निघायचं होतं. पण माणूस म्हातारा, सांगतोय, आणि शेंगाही त्याच्याच खाल्ल्या होत्या. तिने सुतळी सोडली, वाजवलेले तीस पुन्हा बाजूला काढले आणि उरलेले वाजवायला घेतले.

पण आता तिचा हात बदलला होता. मघाशी आपटत होती. आता ती रुपया हळूच सोडायची, ऐकायची आणि जपून बाजूला ठेवायची. मधे एकदा म्हणाली, “हा त्या नवरीचा असेल का हो?” बुवा म्हणाले, “असेल.” आणखी दहा झाल्यावर पुन्हा म्हणाली, “नाहीतर हा.”

बद्द. बद्द. बद्द.

अठ्ठावन्नावा रुपया तिने सोडला.

ठण्ण…

दोघंही थांबले.

द्वारकेने तो उचलला आणि पुन्हा सोडला. तसाच वाजला, लांब आणि स्वच्छ. तिने तिसऱ्यांदा सोडला, कानाजवळ धरून अंगठ्याच्या नखाने उडवून पाहिला.

“बुवा, हा खरा आहे.”

“ऐकलं.”

“चांदीचा आहे. एक तरी चांदीचा निघाला.” तिचा चेहरा पोरीसारखा उजळला होता. तिने तो डोळ्यांपुढे धरला, पदराने पुसला, पुन्हा धरला. मग हळूहळू तिच्या कपाळाला आठी पडली.

“पण हा यात कसा?”

बुवांनी कान तिच्याकडे केला.

“अप्पा यात खरे रुपये ठेवत नव्हते. खरा असता तर घरात लागला असता, तेल आलं असतं.” ती थांबली. “म्हणजे त्यांना हा खोटा वाटला. अंगठा चुकला त्यांचा. वाजवला असता तर कळलं असतं… पण वाजवायचा नव्हता ना.”

तिने रुपया मुठीत धरला.

“कुणीतरी बाईने अप्पांच्या हातावर खरा रुपया ठेवला होता. आणि अप्पा तिला मोड देताना मनात म्हणाले असतील, बिचारीला कुणीतरी फसवलंय…”

उरलेले पाच तिने वाजवले. पाचही बद्द निघाले. खोटे सगळे मिळून बासष्ट झाले. गडू भरला, फडकं ओढून बांधलं, सुतळीला दोन गाठी मारल्या. तो एक मुठीतच राहिला. गडूत टाकवेना आणि कनवटीला लावावासाही वाटेना.

“बुवा,” ती शेवटी म्हणाली, “मी आले तेव्हा किंमत विचारली होती. तुम्ही अजून सांगितली नाही. मी ऐकल्याशिवाय जाणार नाही.”

सराफकट्ट्यावर पोतं संपलं, की पारखी उभा राहायचा आणि साऱ्या पेढ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात किती खरे, किती खोटे निघाले ते पुकारायचा. त्याच्यावर मग कुणी बोलायचं नाही, अशी रीत होती.

बुवा खांबाला धरून उठले. धोतर झटकलं. वाकलेली पाठ जमेल तेवढी सरळ केली.

“बासष्ट खरे,” ते मोठ्याने म्हणाले. “एक खोटा.”